सिग्नल तर फुल होता

'सिग्नल तर फुल आहे' हे वाक्य आमच्या घरात आता कोणी उच्चारत नाही. नवऱ्याने मागे एकदा चुकून उच्चारलं, तेव्हा मी पोळी तव्यावर तशीच टाकून त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो मुकाट्याने बाल्कनीत जाऊन उभा राहिला. ऑगस्ट महिना, बाहेर अंगाची काहिली होत होती, पण आत थांबण्यापेक्षा त्याला ते बरं वाटलं असावं.

आम्ही बहारीनला येऊन चौदा वर्षं झाली, त्यातली नऊ सनाबिसच्या याच फ्लॅटमध्ये. खिडकीतून मॉलची मागची बाजू दिसते, बाकी काही दिसत नाही. नवरा इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर. प्लांटवर कुठला व्हॉल्व्ह का अडकला हे तो फोनवर नुसतं ऐकून सांगतो, असं त्याचे मित्र म्हणतात. घरात त्याला स्वतःचा चष्मा सापडत नाही. मी लॅब टेक्निशियन आहे. ज्या क्लिनिकमध्ये इतकी वर्षं काढली ते बंद झालं आणि त्याच उन्हाळ्यात मला जिदहफ्सला नवीन नोकरी लागली. सहा महिने प्रोबेशन, आणि प्रोबेशनमध्ये लीव्ह नाही. हे सगळं सांगायचं कारण असं, की नेमक्या त्याच सहा महिन्यांत माझ्या भावाला मुलगी झाली.

भाऊ माझ्याहून सात वर्षांनी लहान, सांगलीला असतो. लग्नाला नऊ वर्षं होऊन गेली तरी घरात पाळणा नव्हता. मी लॅबवाली, त्यामुळे मला यातलं सगळं कळतं अशी माझी ठाम समजूत. दर सुट्टीत सांगलीला गेले की बॅग उघडायच्या आधी भावजयीला विचारायचे, रिपोर्ट दाखव, कुठल्या टेस्ट केल्या, हा डॉक्टर बदला. ती निमूटपणे फाइल आणून माझ्यापुढे ठेवायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची. मला राग यायचा. आपण हिच्या भल्यासाठी जीव काढतोय आणि हिचा हा शिष्टपणा! पाहुण्यांसमोर काढू नका ताई, असं ती एकदाच म्हणाली होती. मी म्हटलं होतं, यात लपवायचं काय एवढं?

तर मुलगी झाली. मी लॅबमध्येच रडले. शेजारची फिलिपिनो मुलगी घाबरून पाण्याचा ग्लास घेऊन आली.

आमच्यात बाळाच्या कानात नाव आत्याने सांगायचं. पाळण्याशी वाकायचं, बाळाच्या कानाशी 'कुर्र' करायचं, नाव सांगायचं, आणि त्याच वेळी मागे उभ्या बायकांनी आत्याच्या पाठीत दणादण धपाटे घालायचे. लहानपणी मी प्रत्येक बारशाला त्या धपाट्यांसाठी पुढे घुसायचे. मोठेपणी एकदा आपल्या पाठीत बसावेत असं मनात होतं. मला भाऊ एकच, आणि त्याला बहीण एकच. भाचीचं नावही मीच सुचवलेलं आणि सगळ्यांनी ते एका फटक्यात पसंत केलेलं. म्हणजे नाव माझं, हक्क माझा, आणि मी अडकले बहारीनमध्ये. क्लिनिकच्या मॅनेजरकडे दोनदा गेले. "आफ्टर प्रोबेशन, इंशाल्ला," तो दोन्ही वेळा गोड हसून म्हणाला. त्याच्या इंशाल्लाचा अर्थ इथे राहिलेल्या कोणालाही विचारा.

मग भावानेच तोड काढली. "ताई, व्हिडिओ कॉल कर. पाळण्याशी ही फोन धरेल, बाळाच्या कानाला लावेल, तू तिकडून नाव सांग."

बारसं भावजयीच्या माहेरी, इचलकरंजीला होणार होतं. तिच्या आईने एक अट घातली. आधी दोन-तीनदा करून बघा, ऐन पाळण्याशी गोंधळ नको. मला ती अट झोंबली. आमच्याकडे इंटरनेट काय बैलगाडीतून येतं?

पहिली तालीम एका रविवारी संध्याकाळी झाली. मी कामावरून आले, तोंड धुतलं, केस नीट केले, सोफ्यावर बसले. भावजयीने बाळाला मांडीवर घेतलं होतं. दोन महिन्यांची चिमणी, गाल गुबगुबीत. मी "कुर्र" म्हटलं आणि चित्र गोठलं. भावजयीचं तोंड अर्धवट उघडं, डोळे अर्धवट मिटलेले, आणि आवाजाच्या जागी पत्र्यावर खिळे सांडल्यासारखं काहीतरी. मग फोन बंद. मी वर बघितलं तर वायफायच्या चारही काड्या भरलेल्या.

"सिग्नल तर फुल आहे," नवरा म्हणाला.

पुढचे तीन आठवडे आमच्या घरात हे वाक्य देवाच्या नावासारखं जपलं गेलं. नवऱ्याचा उपाय एकच. राउटर बंद करायचा, दहा आकडे मोजायचे, चालू करायचा. मग कंबरेवर हात ठेवून हिरव्या दिव्यांकडे कौतुकाने बघायचं. दिवे हिरवे असायचे, मी हॅलो म्हणेपर्यंत. त्याने राउटर टीव्हीखालून काढून पॅसेजमध्ये नेला, मग शू रॅकवर, मग माझ्या नाकावर टिच्चून डायनिंग टेबलवर, लोणच्याच्या बरणीशेजारी. जिथे जाईल तिथे चारही काड्या. आणि व्हिडिओ दोन मिनिटं चालला की राउटरवरचा एक दिवा लाल व्हायचा, सगळं मेल्यासारखं व्हायचं, आणि मिनिटभराने जणू काही झालंच नाही अशा थाटात परत हिरवं. "प्लांटवर पण असंच करता का?" मी विचारलं. "बंद-चालू, बंद-चालू?" तो म्हणाला, प्लांटवर त्याच्याशी कोणी या सुरात बोलत नाही.

आमची मुलगी चौदा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं आणि उत्तर मात्र इंग्रजीतच येतं. "आई, द वायफाय इज फाइन. वायफाय इज जस्ट फ्रॉम हियर टु द बॉक्स. समथिंग इज राँग विथ द बॉक्स." हे तिने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, न्याय करायचा तर एवढं लिहायला हवं. मी म्हटलं, तू अभ्यास कर.

माझा संशय वरच्या मजल्यावर होता. तिथे एक एकटा माणूस राहायचा, चोवीस तास काहीतरी धाडधाड वाजत असायचं. त्याने आमचं कनेक्शन चोरलं असणार. मी पासवर्ड बदलला. फरक पडला नाही. पुन्हा बदलला. तिसऱ्यांदा मी त्या माणसाला उद्देशून एक अस्सल सांगलीची शिवीच पासवर्ड म्हणून ठेवली, म्हणजे निदान टाइप करताना तरी त्याला लाज वाटेल. त्याला मराठी येत नाही हे मुलीने लक्षात आणून दिलं. त्याच शनिवारी तिची मैत्रीण आली आणि मुलीला तो पासवर्ड एकेक अक्षर करून तिला सांगावा लागला. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

"डेटावर लाव की," नवरा म्हणाला. आमच्या फ्लॅटमध्ये मोबाइलला रेंज धड येत नाही, चारही बाजूंनी उंच बिल्डिंगा. खाली पार्किंगमध्ये गेलं तर येते. मी त्याला स्पष्ट सांगितलं, भाचीचं नाव मी पार्किंगमध्ये कचऱ्याच्या पेटीशेजारी उभं राहून ठेवणार नाही. आज वाटतं, ठेवायला हवं होतं.

मग इंटरनेट कंपनीचा टेक्निशियन आला. केरळचा, पन्नाशीचा, इथे बरीच वर्षं काढलेला, बोलायला अगदी शांत. आधी मी त्याला दारात बूट काढायला लावले. त्याने काहीतरी यंत्र लावून बघितलं, भिंतीतल्या तारेला लावून बघितलं, आणि मान डोलवली. "मॅडम, सिग्नल फुल है. बाहर से लाइन एकदम ओके."

"फुल है तो क्या करूँ? आरती उतारूँ उसकी?"

तो हसला नाही. त्याने विचारलं, "डब्बे का कुछ चेंज किया? चार्जर, वायर, कुछ?"

"कुछ नहीं छेड़ा," मी म्हटलं. "हम लोग पढ़े-लिखे हैं."

त्याने एक वायर बदलली आणि गेला. त्या रात्रीच्या जेवणापर्यंत सगळं ठीक होतं, आणि दुसऱ्या तालमीत बाळाच्या कानाशी फोन धरलेला असताना तो पुन्हा असा काही खरखरला की पोर दचकून किंचाळायला लागलं. भावजय पलीकडून काहीतरी म्हणत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते, मग तेही दिसेनात. मी कंपनीत फोन लावून त्या टेक्निशियनची तक्रार केली. कामचुकार माणूस आहे म्हटलं, काही न बघता गेला म्हटलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी त्यालाच परत पाठवलं. त्याने या वेळी न सांगताच बूट काढले, पुन्हा सगळं मोजलं, पुन्हा सिग्नल फुल निघाला.

त्या दिवसांत एक गोष्ट मात्र झकास चालली होती, ती म्हणजे देव्हाऱ्यातली लायटिंग. इथे पहिल्या वर्षी मी समई लावली होती, तर धुराचा अलार्म वाजून अख्खी बिल्डिंग जिन्यात उतरली आणि वॉचमन अग्निशामक घेऊन माझ्या गणपतीसमोर उभा राहिला. तेव्हापासून देवाला विजेची माळ. ती आधी मिणमिणायची, हल्ली मात्र लख्ख लागायची. रोज संध्याकाळी त्या उजेडात मी हात जोडायचे. पूर्वी मागायचे ते सगळं बाजूला ठेवून एकच मागायचे, बाबा रे, बारशापुरतं तरी हे नेट चालू दे.

पण देव, कंपनी, वरचा माणूस, नवरा या सगळ्यांवर राग काढूनही माझं समाधान होत नव्हतं, कारण हळूहळू मला एक वेगळंच दिसायला लागलं होतं. भावाशी माझा फोन कधीच तुटत नव्हता. रोज दुपारी, माझ्या जेवणाच्या सुट्टीत, आम्ही बोलायचो. बारशाची यादी, कुंची पोचली का, पाळणा कोणाचा आणलाय, अर्धा अर्धा तास. एक शब्द तुटायचा नाही. आणि संध्याकाळी भावजयीला लावला की दोन मिनिटांत खलास. त्याला लावला की चालतो, हिला लावला की तुटतो. लॅबमध्ये मी दिवसभर हेच करते. हा नमुना चांगला, तो खराब, मग फरक कशात आहे ते शोधायचं. मला फरक दिसला. मला तो फार स्पष्ट दिसला. रिपोर्टची फाइल माझ्यापुढे टाकून आत निघून जाणारी ती पाठ मला आठवली आणि सगळं जुळलं.

भावाला मी क्लिनिकच्या नेटवरून लावते आणि तिला घरच्या, हे माझ्या डोक्यात आलं नाही. हे लिहितानाही माझे कान गरम होतात.

मंगळवारी तिसरी तालीम झाली. बारसं शुक्रवारी. या वेळी तिने बाळाला माझी कुंची घातली होती. मी दोन महिने बसून शिवलेली, हिरवी, लाल काठाची, मुंबईला जाणाऱ्या एकांबरोबर पाठवलेली. मी म्हटलं, अगं जरा पुढे घे, काठ दिसू दे. ती म्हणाली, "ताई, तुम्हाला एक सांगायचं—" आणि फोन गेला.

मी पुन्हा लावला. वाजला, उचलला, गेला. पुन्हा लावला. गेला. चौथ्यांदा मी लावला नाही. मी माहेरचा ग्रुप उघडला. त्यात काका, काकू, आत्या, चुलतभावंडं, एकूण एक नातेवाईक आहेत. मी बटण दाबून बोलायला लागले. काय बोलले ते मला शब्दन् शब्द पाठ आहे, कारण नंतर ते मी कितीतरी वेळा ऐकलं.

"मला सगळं कळतं बरं का. भावाशी तास तास फोन चालतो आणि हिला लावला की दोन मिनिटांत तुटतो. नेटला काय माणसं ओळखता येतात? तीन वेळा झालं, तिन्ही वेळा नेमकं नावाच्या वेळेलाच. मी नाव ठेवलेलं नको असेल तर तोंडावर सांग ना. फोन कशाला कापतेस? नऊ वर्षं तुझ्यासाठी मी डॉक्टर शोधत फिरले, त्याचे हे पांग फेडतेस होय?"

पाठवून दिलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू! पाच मिनिटं अगदी हलकं वाटलं. मी चहा टाकला. मग ग्रुप बघितला. सगळ्यांनी ऐकलं होतं, कोणीही काही लिहिलं नव्हतं. मिरजेच्या माझ्या चुलतबहिणीने फक्त नमस्काराचे हात टाकले होते. त्याखाली एक बारीक ओळ होती, भावजय ग्रुपमधून बाहेर पडल्याची.

बुधवारी दुपारी भावाचा फोन आला. तो नेहमी "बोल ताई" म्हणून सुरू करतो, त्या दिवशी म्हणाला नाही.

"मिरजेची येणार आहे शुक्रवारी. नाव तीच ठेवेल. चुलत असली तरी आत्याच आहे."

"आणि मी?"

"तू बघ की फोनवर. फोन लावून ठेवू आम्ही एका बाजूला." मग तो म्हणाला, "ताई, ते पांग फेडण्याचं बोलायला नको होतंस. ती कालपासून जेवलेली नाही. अंगावर पिणारं पोर आहे."

"मग तिने फोन का—"

"तिने कापला नाही," तो म्हणाला. "मी शेजारीच बसलो होतो."

मी त्याच्यावरही विश्वास ठेवला नाही. बायकोची बाजू घेतोय, दुसरं काय! त्या मिरजेच्या बहिणीचं तर विचारूच नका. लहानपणी माझी भावली घेऊन परत न देणारी ती, आता माझ्या भाचीच्या पाळण्याशी वाकणार. मी दिवसभर लॅबमध्ये सुया टोचत होते आणि त्या दिवशी जे पेशंट आले त्यांची मी आज मनापासून माफी मागते.

गुरुवारी संध्याकाळी मी कामावरून येते न येते तोच टेक्निशियन तिसऱ्यांदा आला. नवरा कामावर, मुलगी ट्यूशनला, घरात मी एकटी. मी दार उघडलं आणि म्हटलं, आता कशाला आलात, झालं सगळं. तो बूट काढता काढता म्हणाला, "कंप्लेंट अभी खुला है मॅडम. मेरे नाम पे है."

या वेळी त्याने यंत्र काढलंच नाही. डायनिंग टेबलाशी बसला आणि राउटरवर हात ठेवून थांबला, ताप बघतात तसा. मग त्याची तार बोटाने चाचपत चाचपत भिंतीपर्यंत गेला आणि अ‍ॅडाप्टर उपटला. तो त्याला हातात धरवेना इतका तापला होता. रुमालात धरून, चष्मा वर करून त्याने त्यावरची बारीक अक्षरं वाचली.

"मॅडम, यह हमारा नहीं है."

"म्हणजे?" मी मराठीतच म्हटलं.

"इसका पॉवर आधा है. डब्बा इसपे भूखा है. खड़ा रह सकता है, बत्ती दिखा सकता है, सिग्नल भी फुल देगा. लेकिन वीडियो आया तो दौड़ना पड़ता है ना? उधर गिर जाता है." त्याने माझ्याकडे बघितलं. "हमारावाला किधर है?"

माझी नजर आपोआप देव्हाऱ्याकडे गेली, आणि माझ्या मागोमाग त्याचीही. माळ लख्ख लागली होती.

संकष्टीचा दिवस होता तो. तालमी सुरू व्हायच्या आठवडाभर आधीचा. देवाची माळ फडफडायला लागली होती, लागते-विझते, लागते-विझते. दिवसभराचा उपास, मोदक तयार, चंद्रोदयाची वेळ जवळ आलेली, आणि देवापुढे दिवा फडफडतोय. भावाच्या घरी इतक्या वर्षांनी बाळ आलंय आणि इथे हे असं अशुभ! घरात शोधलं तर दुसरा अ‍ॅडाप्टर नाही. राउटरचा काढून माळेला लावून बघितला, तर ती झगझगीत. माळेचा राउटरला लावला, पिन चपखल बसली, चारही हिरवे दिवे लागले. पिन बसली म्हणजे चालतंय. उद्या नवीन आणू म्हटलं आणि आरतीला उभी राहिले. उद्या काही आणला नाही. चालत होतं ना सगळं.

मी एवढं सगळं त्याला सांगितलं नाही. "वो भगवान का…" एवढंच म्हटलं.

तो देव्हाऱ्यापासून चार पावलं लांब थांबला. "आप निकालो. मैं हाथ नहीं लगाएगा." मी देवांना नमस्कार करून अ‍ॅडाप्टर काढला आणि त्याच्या हातात दिला. देव अंधारात गेले. त्याने तो राउटरला लावला, माझ्याच फोनवर कुठलातरी व्हिडिओ लावून टेबलावर ठेवला, आणि आम्ही दोघं तो पंधरा मिनिटं बघत बसलो. कोणीतरी मासे पकडत होतं. एकदाही अडकला नाही.

"खलास," तो उठत म्हणाला. मला वाटलं आता बोलेल. पढ़े-लिखे वगैरे काहीतरी. त्याने फक्त कागदावर सही मागितली. मी त्याला पाणी विचारलं, तेही तीन भेटींत पहिल्यांदा. नको म्हणाला. तक्रार मागे घेते म्हटलं, तर "जैसा आपका मर्जी" म्हणून बूट घालून गेला.

नवरा घरी आल्यावर मी सांगितलं, कंपनीने लाइन दुरुस्त केली. तो म्हणाला, बघ, मी म्हणत होतो ना बाहेरूनच प्रॉब्लेम आहे. मी म्हटलं हो. ग्रुप उघडला, लिहिलं, खोडलं. भावजयीला लिहिलं, 'चूक माझी होती', तेही खोडलं. भावाचा नंबर काढला आणि फोन उलटा करून ठेवला. आता सांगितलं तर सगळे म्हणणार, मिरजेची येणार म्हटल्यावर हिचं नेट बरं सुधारलं! आणि खरं सांगायचं तर मला ग्रुपवरच्या बायकांचं हसणं ऐकायचं नव्हतं. देव्हाऱ्यात अ‍ॅडाप्टर लावणारी लॅबवाली.

शुक्रवारी सकाळी मी पैठणी नेसले. नवऱ्याने झब्बा घातला, मुलीने कुरकुरत पंजाबी ड्रेस. फोन स्टँडवर लावला. इचलकरंजीत कोणीतरी उचलला आणि मांडव, फुलं लावलेला पाळणा, झुलती झालर, सगळं इतकं स्वच्छ दिसलं की मला पाळण्याच्या दोरीचे पीळ मोजता आले असते. भावजय निळ्या साडीत, वाळलेली. तिने फोनकडे बघितलं नाही. मिरजेच्या बहिणीच्या मांडीवर बाळ, अंगात माझी हिरवी कुंची. कोणीतरी फोन शेल्फवर पेढ्यांच्या खोक्याला टेकवून ठेवला आणि गेलं. मिनिटभर मी पाळणा बघितला. मग खोका कोणीतरी उचलला.

फोन उताणा पडला. पडद्यावर पंखा आला.

"अहो, फोन सरळ करा कोणीतरी," मी म्हटलं. मग ओरडून म्हटलं. तिकडे बायका गात होत्या. गोविंद घ्या, गोपाळ घ्या. माझा आवाज कोणाच्या कानी जाणार! नवरा म्हणाला, कट करून परत लाव. मी नाही म्हटलं. ऐन पाळण्याशी फोन वाजला असता, आणि फोन कापायचा असेल तर तो मी कापायचा नव्हता. तेवढा अधिकार माझ्याकडे उरला नव्हता.

मग गाणं थांबलं. 'कुर्र' ऐकू आलं. नाव ऐकू आलं, मी सुचवलेलं, मिरजेच्या आवाजात, तीनदा. धपाट्यांचा आवाज आला, दण दण दण, आणि बायकांचा हशा. पंखा फिरत होता. त्याच्या एका पात्याला जळमट लागलेलं होतं, तेसुद्धा मला दिसत होतं.

"आई," मुलगी हळूच म्हणाली, "द नेट इज सो गुड टुडे."

नवऱ्याने तिला आत नेलं. मी बसून राहिले. घुगऱ्या वाटल्याचं ऐकलं, पंगतीचं ऐकलं, कोणाची तरी चप्पल सापडत नव्हती तेही ऐकलं. चाळीस मिनिटं पंखा. एकदाही अडकला नाही.

शेवटी पंख्याच्या आड एक चेहरा आला. भावजय. फोन चार्जिंगला लावायला उचलायला आली असणार. ती दचकली.

"ताई? तुम्ही अजून आहात?"

"आहे," मी म्हटलं. आणि मग मी ते सांगितलं. सगळं एका दमात, पहिल्यांदाच. संकष्टी, माळ, अ‍ॅडाप्टर, पिन, टेक्निशियन. तू फोन कापत नव्हतीस, माझ्याच घरात माझ्याच हाताने झालं होतं, मला कालच कळलं आणि तरी मी गप्प बसले. फाइल दाखव म्हणायचे, तेही चुकलं. सगळ्यांसमोर चुकलं, सगळ्यांसमोर सांगते, ग्रुपवर सांगते.

फोन तिच्या हातात तिरका धरलेला होता. अर्ध्या पडद्यावर ती, अर्ध्यावर छत. तिचा चेहरा इतका स्थिर होता की सवयीने मला वाटलं, गेलं नेट, गोठलं चित्र, तिला काही ऐकूच गेलं नाही, पुन्हा सांगावं लागणार. मी वर बघितलं. चारही काड्या भरलेल्या. तिच्या खांद्यामागे पंखा फिरत होता.

"त्या दिवशी मी तुम्हाला सांगणार होते," ती म्हणाली, "की पाळण्याशी फोन धरायला माझ्या आईचा विरोध आहे, पण मी म्हटलंय, नाव ताईच ठेवणार."

आत बाळ रडायला लागलं. तिने तिकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ठेवते," ती म्हणाली, आणि तिने फोन कापला.